पोचेची पोच

जानराव घुगे यांच्याकडे सात एकर कोरडवाहू जमीन, एक बैलजोडी, एक सायकल आणि एक चौकट होती. जमीन वडिलांची, बैल बाजारातले, सायकल सासऱ्यांनी दिलेली. चौकट मात्र त्यांनी स्वतः ठोकली होती. सोनखुंटीत येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ती दाखवली जाई. ज्याला पाहायची हौस नसे त्याला जरा जास्त वेळ दाखवली जाई.

चौकट म्हणजे टपालाच्या खान्यांचं लाकडी कपाट. विशीत असताना जानराव भुसावळकडे आगगाडीच्या टपालडब्यात अकरा महिने बदली माणूस म्हणून होते. चालत्या गाडीत उभं राहून पत्रं गावागावाच्या खान्यांत टाकायची, असं ते काम. ज्याच्या जागेवर ते होते तो माणूस बरा होऊन परत आला आणि जानराव गावी आले. पण त्या डब्यातली खान्यांची भिंत त्यांच्या डोक्यातून उतरली नाही. कोणी तरुणपणी तमाशातली बाई पाहतो आणि जन्मभर घरात थोडा गैरहजर राहतो. जानरावांचं खान्यांच्या बाबतीत तसं झालं.

सोनखुंटी दुसरबीडपासून तीन मैल आत, नाल्यापलीकडे. एकसष्ट घरं. महाराष्ट्र राज्य झालं तेव्हा गावात साखर वाटली गेली आणि त्याच दिवशी जानरावांनी जाहीर केलं की आता आपल्याकडे टपाल कचेरी येणार. राज्य आणि कचेरी यांचा संबंध त्यांनी उलगडून सांगितला नाही, कोणी विचारलाही नाही. पोस्टमनच्या वाट्याला अकरा गावं होती आणि गुडघे दोनच. तो आठवड्यातून एकदा येई आणि गावाची सगळी पत्रं पिठाच्या गिरणीवर ठेवून जाई. दळणाला आलेल्या बाया ती आपापल्या गल्लीत नेत. वाचता येत नसल्यामुळे हे वाटप बहुधा कागदाच्या रंगावरून चाले. निळं पत्र पाटलाकडे आणि बाकीची ज्याच्या नशिबात असतील त्याच्याकडे.

तेव्हा सरकार येईपर्यंत आपलं टपाल आपणच चालवावं असं जानरावांनी ठरवलं. गावातल्या प्रत्येक कर्त्या माणसाची सही किंवा अंगठा घेऊन एक कागद केला की आमची पत्रं जानरावांच्या हाती द्यावीत. तो कागद दुसरबीडला पोचता केला आणि रोज सकाळी सायकलवर पिशवी टाकून ते स्वतः जाऊ-येऊ लागले. चहाच्या खोक्यांच्या फळ्यांतून ओसरीवर पंचावन्न खान्यांची चौकट उभी राहिली. त्यातला शेवटचा खाना त्यांच्या पत्नी मनकर्णाबाई यांनी पहिल्याच दिवशी लसणासाठी घेतला. घरात एवढं लाकूड आणायचं आणि बाईमाणसाला त्यात वीतभर जागा नाही, हे त्यांना मंजूर नव्हतं. उरले चौपन्न. चौपन्न खान्यांत एकसष्ट घरं कशी बसतात असं कोणी विचारलं तर जानराव सांगत, सात घरांचं शेजारच्या भावाशी अजून पटतं. बिनसलं की खाने वाढवू.

नवी व्यवस्था म्हटली की बिघाड आलेच. पहिला बिघाड कडूबांचा. गावात नऊ कडूबा होते आणि बाहेरचे लोक पत्त्यावर नुसतं ‘कडूबा, मु. सोनखुंटी’ लिहून मोकळे होत. जानरावांनी वही घातली आणि प्रत्येक कडूबापुढे त्याची ओळख लिहिली: कुंपणवाला, विहिरीवरचा, पलटणीतून आलेला, दोन बैलांचा. पुढे दोन बैलांच्या कडूबाने एक बैल विकला. त्यानंतर आलेली त्याची पत्रं तीन दिवस पडून राहिली, कारण वहीप्रमाणे असा इसम गावात उरला नव्हता.

पत्रं न्यायला बहुतेक करून बायका येत आणि त्यांच्या तोंडून नवऱ्याचं नाव निघणं शक्य नव्हतं. ‘आमच्या घरचं द्या’ एवढंच त्या म्हणत. हे वर्णन चौपन्नही खान्यांना लागू पडे. मग वहीत आणखी पानं आली: शेवंतीचा बाप, गोप्याचा बाप, धाकट्या वच्छलाबाईचा दीर. नव्या नवरीला मूल होईपर्यंत सासूला बरोबर आणावं लागे. एकीने तक्रार केली तेव्हा जानरावांनी तिला वही उघडून दाखवली. तिला वाचता येत नव्हतं, पण वहीची जाडी पाहून ती गप्प बसली.

एक नियम त्यांनी स्वतःसाठी घातला होता. पत्रावरची नावं वाचायची, पत्र वाचायचं नाही. मालक समोर बसून म्हणाला, ‘वाचून दाखव,’ तरच वाचायचं. हा नियम ते कसोशीने पाळत आणि पुढे जे झालं ते बऱ्याच अंशी या सचोटीमुळेच झालं.

आपल्याकडे पत्राची पोच देणं किती गंभीर काम आहे हे शहरातल्या माणसाला सांगून समजणार नाही. ‘पत्र पावल्याची पोच द्यावी’ हे वाक्य प्रत्येक पत्राच्या शेवटी असतंच. पोच आली नाही तर लिहिणारा आधी काळजी करतो, मग रागावतो आणि तिसऱ्या आठवड्यात लग्नात झालेल्या मानपानाच्या गोष्टी काढतो. त्यातून माणूस गावाला गेलेला असला तर पोच कोण देणार? जानरावांनी त्यावर तोडगा काढला. परगावी जाणाऱ्याने आपल्या खान्यात कोरी कार्डं ठेवून जावं. त्याच्या नावाने पत्र आलं की जानराव लगेच लिहीत: ‘सा. न. वि. वि. आपले पत्र पावले. आम्ही तूर्त गावी नाही. आल्यावर सविस्तर लिहू. घरच्या सर्व मंडळींस नमस्कार. पत्र पावल्याची पोच द्यावी.’ खाली गैरहजर माणसाचं नाव. आणि पत्रात आणखी ज्या ज्या गैरहजर माणसाला नमस्कार घातलेला असेल, त्या प्रत्येकाच्या वतीने वेगळं कार्ड. नमस्कार आला आणि तो तसाच पडून राहिला, असं सोनखुंटीत एकदाही झालं नाही.

या व्यवस्थेची कीर्ती पार सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत गेली. तिथे जळगाव जामोदच्या पुढे उमरपाटी नावाच्या गावात मनकर्णाबाईंचं माहेर. त्यांचा चुलतभाऊ उद्धव याने दाजींना लिहून विचारलं की असंच आमच्याकडे करायचं तर कसं करू? जानरावांनी अकरा नियम आणि चौकटीचं मापासहित चित्र पाठवलं. पत्र सोळा पानी होतं. आयुष्यात त्यांना इतक्या मनापासून कोणी काही विचारलं नव्हतं.

मग १९६३ सालच्या फेब्रुवारीत टपालखात्याचे एक निरीक्षक दौऱ्यावर आले. जानरावांच्या सातव्या अर्जाचं हे फळ होतं. साहेबांनी चौकट पाहिली, वही पाहिली, लसूण पाहिला आणि सांगितलं की शाखा कचेरी मागणं सोपं आहे, पण गावाला पत्रं येतात किती? पंधरा मार्च ते पंधरा एप्रिल या महिन्यात दोनशे दाखवा, मी शिफारस करतो. नाही तर हा विषय पाच वर्षं काढू नका.

सोनखुंटीला महिन्याला सत्तरेक पत्रं येत. म्हणजे पाच वर्षं नक्की झाली. जानराव त्या दिवशी जेवले नाहीत. चौकट होती, वही होती, अंगठे होते. पण बाहेरून पाहता तो एका शेतकऱ्याचा नाद होता आणि भाऊकीत त्याला तेच म्हणत. कचेरी झाली असती तर त्या सगळ्याला एकदम काम म्हणावं लागलं असतं. माणूस दुसरं काय मागतो?

होळी झाली, सुगी उरकली आणि गावातले अकरा जण काशीला निघाले. त्यांचे म्होरके कारभारी घुगे, वय साठ, बोलणं मोजकं आणि राग भरपूर. त्यांची मुलगी उमरपाटीच्या अर्जुनरावांच्या घरात दिलेली. तिकडचे नऊ जण अर्जुनरावांबरोबर निघाले आणि दोन्ही व्याह्यांची मंडळी मलकापूरच्या स्टेशनावर एक झाली. परत यायला महिना-सव्वा महिना लागणार होता. जाताना प्रत्येकाने आपल्या खान्यात पंचवीस कोरी कार्डं ठेवली. कारभारींनी पन्नास ठेवली. काशीला जाणारा माणूस असल्या बाबतीत हात आखडत नाही.

ते गेल्यावर चार दिवसांनी अर्जुनरावांचं एक कार्ड आलं. निघण्याआधी टाकलेलं, वाटेत रेंगाळलेलं. मलकापूरला अमुक गाडीवर यावे, इकडून अमके अमके येत आहेत, कारभारी व इतर यात्रेकरू मंडळींस नमस्कार. मंडळींपैकी चौघांची नावं होती. जानरावांनी नियमाप्रमाणे पाच पोचा लिहिल्या. नऊ उमरपाटीकरांपैकी ज्यांची नावं पत्रात होती त्यांना त्यांनी नमस्कार घातले. ते सौजन्यच होतं.

उमरपाटीला ही पाच कार्डं उद्धवच्या हाती पडली. अर्जुनराव गावात नव्हते, ज्यांना नमस्कार होते ते नव्हते. उद्धवने नियमावली काढली. सातव्या, म्हणजे दर नमस्काराला वेगळं कार्ड या नियमाप्रमाणे अठरा कार्डं लिहिली, प्रत्येकात सोनखुंटीच्या मंडळींना नावानिशी नमस्कार, आणि एस. टी.ने जाणाऱ्या टपालात टाकली.

पाचव्या दिवशी दुसरबीडहून येताना जानरावांची पिशवी जड लागली. त्यांनी रात्री जेवताना मनकर्णाबाईंना सांगितलं की लोकांत पत्रं लिहायची हौस वाढली आहे. महिन्याच्या मध्यावर आकडा एकशे एकतीसवर गेला. जानरावांच्या चालण्यात फरक पडला. कुठेही जायचं झालं तरी ते आता गिरणीवरून जात.

यात्रेकरूंचे खाने भरून वाहू लागले तेव्हा त्यांनी काही कार्डं लसणाच्या खान्यात सरकवली आणि तिथे घात झाला. मनकर्णाबाई चौथी शिकलेल्या होत्या आणि वाचायचं नाही असा नियम त्यांनी घेतलेला नव्हता. एका दुपारी त्या हातात दहाबारा कार्डं घेऊन ओसरीवर आल्या.

“काहो, हे सगळं एकाच माणसानं लिहेल दिसते.”

जानराव म्हणाले, “दुसऱ्याचं टपाल काऊन वाचून राह्यली तू?”

“लसूण घ्याले गेली तं दिसलं. हा ‘र’ पाहा. असा लंगडा ‘र’ आमच्या उद्धवबिगर कोणी काढत नाही.” त्यांनी कार्डं एकेक करून पुढे ठेवली. “कारभारीबाबा काशीत. अर्जुनराव काशीत. दोघं एकाच धर्मशाळेत झोपत असतीन. अन् इकडं तुमी अन् उद्धव त्याइच्या नावानं एकमेकाले नमस्कार घालून राह्यले. लोकाइच्या कार्डावर.”

जानरावांनी पहिल्यांदाच नियम मोडला आणि दहा कार्डं वाचली. मग आणखी वीस वाचली. सगळ्यांत एकच मजकूर होता आणि तो त्यांनीच उद्धवला नमुना म्हणून पाठवला होता. आपलंच वाक्य तीस वेळा परत वाचण्याचा प्रसंग लेखकाशिवाय दुसऱ्यावर येऊ नये.

बिघाड दुरुस्त करणं हा त्यांचा धर्म होता. इथे मात्र दुरुस्ती केली की आकडा खाली येणार आणि पाच वर्षं जाणार. या पेचाचा त्यांनी तीन दिवस विचार केला. विचार पुरा होईपर्यंत काम अडू नये म्हणून त्या तीन दिवसांत आलेल्या सगळ्या कार्डांची पोच दिली. चौथ्या दिवशी त्यांनी उद्धवला स्वतःच्या नावाने लिहिलं की असं असं झालेलं दिसतं, तरी यापुढे पोच पाठवू नये. उलट टपाली उत्तर आलं: ‘यापुढे पोच पाठवू नये असे कळविल्याचे पत्र पावले. पत्र पावल्याची पोच द्यावी.’

तेव्हा ते चिखली, बुलढाणा, मलकापूर असे गाड्या बदलत, धूळ खात उमरपाटीला स्वतः गेले. उद्धवने त्यांना पाणी द्यायच्या आधी चौकट दाखवली. हुबेहूब होती. पंचावन्नाव्या खान्यात लसूण होता.

जानरावांनी लसणाकडे बोट दाखवलं. उद्धव म्हणाला, “चित्रात लिहेल होतं, दाजी. ‘येथे लसूण’. आमच्या घरी लसूण चुलीपाशी असे. आणून ठेवला.”

मग दोघांनी खाटेवर बसून बिघाडाची चर्चा केली. थांबवणं सोपं होतं, कोणीतरी एकाने उत्तर द्यायचं नाही. प्रश्न असा की कोणी? सोनखुंटी मुलीकडची. मुलाकडून आलेल्या नमस्काराला मुलीकडच्यांनी उत्तर दिलं नाही, असं आजवर कधी झालं नव्हतं आणि ते जानरावांनी कारभारींच्या नावावर करून ठेवलं तर काशीहून आल्यावर ते त्यांना गंगेत बुडवायला पुन्हा काशीला गेले असते. उमरपाटी मुलाकडची. तिकडून पत्र बंद झालं की मुलीच्या आईला वाटणार, पोरीचं काही बिनसलं. ती रडत ओसरीवर येणार. दोन्हीकडून पाहिलं तर पोचा चालू ठेवणं हाच सभ्य मार्ग होता. हा निर्णय तत्त्वावर झाला. त्यातून जानरावांच्या आकड्याचं काय होईल याचा उल्लेख कोणी केला नाही. फक्त निघताना उद्धव म्हणाला की मले वाटलं तुमी मुद्दाम करून राह्यले, म्हणून मी अक्षर जरा गिचमिड काढत होतो.

जानराव तत्त्वाचे असले तरी लबाड नव्हते, ही त्यांच्या स्वभावातली मोठी अडचण. घरी येऊन त्यांनी आवकीच्या वहीत दोन रकाने आखले. एकावर लिहिलं ‘खरी’, दुसऱ्यावर ‘पोच’. मनकर्णाबाई म्हणाल्या की आता हे साहेबाले आपल्याच हातानं दाखवा, म्हणजे झालं. ते म्हणाले, नोंद चुकीची ठेवता येत नाही.

पंधरा एप्रिलला आकडा दोनशे सव्वीसवर थांबला. खरी एक्काहत्तर, पोच एकशे पंचावन्न. सतरा तारखेला यात्रेकरू परत आले, आणि एकोणीस तारखेला निरीक्षक येणार होते.

मलकापूरला यात्रेकरू उतरले ते दोन टोळ्यांत उतरले. त्याचं कारण गावाला संध्याकाळपर्यंत कळलं. कारभारींनी काशीहून गंगेच्या पाण्याचा गडू तोंड डकवून आणला होता, अर्जुनरावांनीही आणला होता. गाडीत अर्जुनरावांचा गडू कलंडून तोंड सुटलं आणि अर्धा सांडला. कारभारी झोपले असताना अर्जुनरावांनी त्यांच्या गडूचं तोंड उघडून थोडं आपल्यात ओतलं आणि मग दोन्ही गडू खंडव्याच्या स्टेशनावरच्या नळाखाली भरून घेतले. खरं तर त्यांनी ते वाटून घेतलं होतं, पण कारभारींना ते तसं दिसलं नाही. महिनाभर धर्मशाळेत एका सतरंजीवर झोपलेली दोन माणसं खंडव्यापासून मलकापूरपर्यंत एकमेकांकडे पाठ करून बसली. अखजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आठवड्यावर आली होती, तिला मुलगी माहेरी आणायची असते. कारभारींनी जाहीर केलं की मुराळी म्हणून दुसऱ्या कोणाला पाठवा, मी त्या माणसाला या जन्मी नमस्कार करणार नाही.

हे त्यांनी गिरणीवर सांगितलं. तोपर्यंत त्यांच्या नावाने अर्जुनरावांना सत्तावीस नमस्कार गेलेले होते. त्यांना कोणी सांगितलं नाही. सांगण्याचं काम जानरावांचं होतं आणि जानराव दोन दिवस शेतात होते.

एकोणीस तारखेला निरीक्षक ओसरीवर बसले. अर्धं गाव अंगणात. साहेबांनी वही उघडली आणि रकान्यांवर बोट ठेवलं.

“ही ‘पोच’ म्हणजे कशाची?”

“पोचेची,” जानराव म्हणाले.

“ती कशाची?”

“आधीच्या पोचेची.”

“आणि पहिली?”

“ती अर्जुनरावांच्या पत्राची. ते पत्र खऱ्यात धरलं आहे.”

साहेब पुण्याकडचे होते, पण त्यांनी बरीच खेडी पाहिली होती. त्यांनी कार्डांचा गठ्ठा मागवला आणि पंधरा मिनिटं वाचत राहिले. कार्ड उघडंच असतं, ते वाचायला बंदी नसते. मधे एकदा त्यांनी रुमालाने तोंड पुसलं, पण ते हसले असं कोणी शपथेवर सांगणार नाही. मग त्यांनी इथून गेलेल्या पत्रांचं विचारलं. जानरावांनी नोंद दाखवली: कोणाच्या नावाने, कोणाला, किती. सगळी आपल्या हाताने लिहिल्याचंही सांगितलं, विचारलेलं नसताना.

“हे बघा घुगे,” साहेब म्हणाले, “कार्ड खात्यानं विकलं, खात्यानं वाहून नेलं. माझ्या दृष्टीनं ते पत्र आहे. आत काय लिहिलंय हे मोजणीत येत नाही. पण दुसऱ्याच्या नावानं लिहिलेलं पत्र ही वेगळी गोष्ट आहे. सगळ्यांत जास्त या कारभारींच्या नावावर दिसतात. त्यांना बोलवा. ते म्हणाले माझी, तर उरलेली मी धरून चालतो. ते म्हणाले माझी नाहीत, तर मला कचेरीची शिफारस बाजूला ठेवून दुसराच कागद लिहावा लागेल.”

कारभारी अंगणातच होते. ते ओसरीवर आले आणि खांबाला टेकून उभे राहिले. जानरावांनी तोंड उघडलं, पण साहेबांनी त्यांना हाताने थांबवलं आणि स्वतः सांगितलं: तुमच्या नावानं अर्जुनराव यांना सत्तावीस पत्रं गेली आहेत, ती तुमची का?

कारभारींचा राग गावाला माहीत होता, त्यामुळे पुढचं सगळ्यांना दिसत होतं. जानराव वहीकडे बघत होते. पाच वर्षांचं त्यांना आता काही वाटत नव्हतं. दुसऱ्या कागदात काय असेल आणि तो आला की गावाला वाचून दाखवायला आपणच लागू का, एवढंच डोक्यात होतं.

कारभारींनी विचारलं, “सत्तावीसमध्ये लिहेल काय हाये?”

साहेबांनी सोनखुंटीला आलेल्यांतलं एक कार्ड जानरावांपुढे सरकवलं. “जी गेली ती तिकडे आहेत. हे त्यांचं उत्तर. मालक समोर आहेत. वाचून दाखवा.”

जानरावांनी वाचलं. ती. कारभारी व्याही यांस अर्जुनराव यांचा साष्टांग नमस्कार. आपले पत्र पावले. घरच्या सर्व मंडळींस नमस्कार.

“अजून एक वाच.”

जानरावांनी वाचलं. तेच होतं.

“असे किती पाठवले त्यानं?”

“अठ्ठावीस.”

कारभारींनी खांबाला पाठ घासली. त्यांना अक्षर येत नव्हतं, पण ती कार्डं कोणी लिहिली असतील हे न कळण्याइतके ते साधे नव्हते. चाळीस वर्षं त्यांनी भाऊकीचे तंटे तोडले होते. मग त्यांनी जानरावांकडे असं पाहिलं की त्यातलं निम्मं पुढे गिरणीवर बोललं जाणार हे जानरावांना समजलं, आणि साहेबांकडे वळले.

“माह्या घरच्या नावानं नमस्कार गेला तं तो माहाच हाये, साहेब. व्याह्याले घातलेला नमस्कार वापस घेत नसते कोणी.”

साहेबांनी टोपण काढलं आणि ‘दोनशे सव्वीस’ लिहिलं. शिफारशीच्या कागदावर त्यांनी आणखी एक ओळ घातली, की सदर इसम नोंदी ठेवण्याच्या बाबतीत अतिशय प्रामाणिक असून त्यावर थोडं लक्ष ठेवावं. जूनमध्ये हुकूम आला. जानराव घुगे पुढची बावीस वर्षं सोनखुंटीचे शाखा टपालमास्तर होते आणि कोणाच्या नावाने कोणतंही पत्र लिहिण्याची त्यांना खात्याने पहिल्याच परिपत्रकात मनाई केली.

पण ते जूनमध्ये. एप्रिलच्या त्या दिवशी साहेब गेले, अंगण रिकामं झालं आणि कारभारी ओसरीवरच बसून राहिले. मनकर्णाबाईंनी चहा आणून ठेवला.

“जान्या,” कारभारींनी विचारलं, “माहे सत्तावीस गेले म्हणतो?”

“हाव.”

“अन् त्याचे अठ्ठावीस आले.”

“अठ्ठावीसावं सोळा तारखेला आलं. मोजणी संपली होती. पोच राहिली.”

“राहिली म्हणजे काय, लेका? मुलीकडचे आपण. एक नमस्कार आपल्याकडं अडून राह्यला, अन् तो खंडव्याचा नळ्या तिकडं वर तोंड करून बसेल असेल.”

जानरावांनी खान्यात हात घातला. कारभारींच्या पन्नासांतली कोरी कार्डं अजून शिल्लक होती. त्यांनी एक काढलं आणि दौत पुढे ओढली. कारभारींनी त्यांच्या हातातून कार्ड घेतलं आणि खान्यात परत टाकलं.

“तुह्या हातानं आता एक अक्षर नको. पुन्हा त्याची पोच येईन, पुन्हा तू देशीन. मी मरेपर्यंत त्या माणसाच्या पाया पडत राहीन.”

दुसऱ्या दिवशी पहाटे ते धुतलेलं धोतर नेसून दुसरबीडच्या वाटेला लागले. अखजीला चार दिवस होते. मुलीला आणायचं तर कोणीतरी जायलाच हवं होतं, असं त्यांनी वाटेत भेटलेल्या प्रत्येकाला न विचारता सांगितलं. उमरपाटीत ते दुपारी पोचले. पुढचं उद्धवने लिहून कळवलं: कारभारी दारात आले, अर्जुनराव ओट्यावर होते. मग कारभारींनी वाकून एक नमस्कार केला आणि मोठ्याने म्हणाले, “हा धरून सत्तावीस अन् एक अठ्ठावीस. फिटलं. आता याचं उत्तर देऊ नका.” अर्जुनरावांना यातलं काही समजलं नाही. उद्धवने त्यांना अजून खान्यातली कार्डं दिलेली नव्हती. पण पाहुणा दारात वाकलेला पाहून त्यांनी त्याला उठवलं आणि आत नेलं.

जानरावांनी ते पत्र वाचलं. त्यावर त्यांचं स्वतःचं नाव होतं, तेव्हा हरकत नव्हती. मग जावक वही काढून कारभारींच्या नावापुढे अठ्ठावीसाव्या पोचेची नोंद केली आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, ‘हस्ते खुद्द’.